व्हिक्टोरियन कादंबरीतली आदर्श बाई: तिच्या किल्ल्या कुठे आहेत ते आधी बघा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: डिकन्सची ‘डेव्हिड कॉपरफील्ड’ वाचली, सगळं आवडलं, पण डेव्हिड शेवटी जिच्याशी लग्न करतो त्या ॲग्नेसचा कंटाळा आला. ती माणूस वाटेना. त्यावर कुणीतरी सांगितलं की त्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकात राणी व्हिक्टोरियाच्या राज्यात, बाईचा आदर्शच तसा होता, तो समजून घेऊन वाचा. म्हणून तुमचे दोन प्रश्न. तेव्हाच्या बायका खरंच अशा असायच्या का? आणि लेखक अशा नायिकेला मनापासून हात जोडतोय की आतून तिची खिल्ली उडवतोय, हे इतक्या वर्षांनी, इतक्या लांबून ओळखायचं कसं?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’. दुसऱ्याला वेळ लागेल. मी कॉलेजात हाच पेपर शिकवते आणि दर वर्षी कुणी ना कुणी हे विचारतंच, तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

‘काळ समजून घ्या’ हा सल्ला वाईट नाही, पण त्यात एक गडबड होते. आदर्श हीच वस्तुस्थिती होती असं आपण धरून चालतो. आदर्श म्हणजे मागणी, आणि मागणी पुन्हा पुन्हा करावी लागते ती पुरी होत नसते म्हणून. सेरा स्टिकनी एलिस या बाईंनी १८३९ मध्ये इंग्लंडच्या स्त्रियांना उपदेश करणारं पुस्तक काढलं, मग मुलींसाठी, मग पत्नींसाठी, मग मातांसाठी, अशी पाठोपाठ चार. सगळ्या बायका मुळातच सोशिक आणि निःस्वार्थी असत्या तर ही पुस्तकं घेतली कुणी असती? बरं, घरात बसून राहावं असं इतरांना सांगणाऱ्या एलिसबाई स्वतः पुस्तकं लिहून कमावत होत्या आणि शाळाही चालवत होत्या.

या आदर्शाला चिकटलेलं नाव, ‘घरातली देवदूत’, कॉव्हेंट्री पॅटमोरच्या दीर्घ कवितेतून आलं. तिचा पहिला भाग १८५४ चा, आणि ती त्याने बायकोला, एमिलीला, डोळ्यांसमोर ठेवून लिहिली. त्याला तात्त्विक बैठक दिली कलासमीक्षक जॉन रस्किनने. डिसेंबर १८६४ मध्ये मँचेस्टरला दिलेल्या आणि पुढच्या वर्षी पुस्तकात आलेल्या व्याख्यानात तो म्हणतो की पुरुष कर्ता, झुंजणारा. स्त्री घराची राणी, आणि घर म्हणजे शांतीची जागा. गंमत अशी की रस्किनचं स्वतःचं लग्न १८५४ मध्येच रद्द ठरलं होतं. त्याच्या आधीच्या बायकोशी, एफीशी, चित्रकार मिलेने पुढच्या वर्षी लग्न केलं, आणि याच मिलेने त्याआधी पॅटमोरच्या एमिलीचं चित्र काढलं होतं. आदर्शाचे पुजारी आणि प्रत्यक्षातल्या बायका एकाच दिवाणखान्यात वावरत होत्या, म्हणा ना.

आता दुसरा प्रश्न. उत्तर तीन गोष्टींवर अवलंबून आहे हे आधीच सांगते. कादंबरी कुठल्या दशकातली, नायिका कुठल्या वर्गातली, आणि पुस्तक कुठल्या वाटेने वाचकाच्या हातात पोचायचं. १८४८ चा थॅकरे आणि १८९१ चा हार्डी यांना एका मापाने मोजता येत नाही. तरी एक युक्ती मी वर्गात नेहमी वापरते आणि ती बहुतेक वेळा चालते: नायिकेचे सद्गुण मोजत बसू नका, तिच्या घराचा कारभार बघा. किल्ल्या कुणाकडे, बिलं कोण भरतं, राबतं कोण.

ॲग्नेसपासूनच सुरू करू. डेव्हिड तिला पहिल्यांदा बघतो ते कँटरबरीत, तिचे वकील वडील मिस्टर विकफील्ड यांच्या घरी. ती त्याच्याच वयाची पोर. पण कमरेला छोटीशी टोपली आणि तिच्यात किल्ल्या. आई नाही, म्हणून घर हीच सांभाळते. डेव्हिडला तिला बघून चर्चच्या खिडकीतली रंगीत काच आठवते, तो शांत उजेड आठवतो, आणि पुढे आयुष्यभर तो तिला त्याच उजेडात ठेवतो. तुम्हाला कंटाळा येतो तो या काचेचा. पण त्याच संध्याकाळचा प्रसंग पुन्हा उघडून वाचा. जेवण होतं, सगळे वर दिवाणखान्यात जातात, आणि ॲग्नेस एका कोपऱ्यात वडिलांसाठी ग्लास मांडते, पोर्ट वाइनचा डिकँटर, म्हणजे काचेची सुरई, ठेवते. डेव्हिडच्या मनात येतं की दुसऱ्या कुणाच्या हातांनी ही वाइन ठेवली असती तर त्यांना नेहमीची चव लागली नसती. मग दोन तास वडील पीत बसतात, बरीच पितात, आणि ॲग्नेस पियानो वाजवते, शिवणकाम करते, गप्पा मारते.

याच दारूपायी विकफील्डचा धंदा त्याचा कारकून उरिया हीप याच्या घशात जातो. म्हणजे आदर्श मुलगी रोज रात्री प्रेमाने, नीटनेटकेपणाने वडिलांच्या नाशाची तयारी मांडून ठेवते, कारण आदर्श मुलगी वडिलांना ‘पुरे’ म्हणत नाही. डिकन्सला हे दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. पुढे विकफील्ड स्वतःच कबूल करतो की बायकोचं दुःख आणि मुलीवरची माया, दोन्ही त्याच्यात रोगासारखी वाढली. पण त्या रोगात ॲग्नेसच्या शहाणपणाचाही वाटा आहे हे वाक्य मात्र डिकन्स लिहीत नाही. तिथे तो थांबतो. तुम्हाला ती निर्जीव वाटते त्याचं कारण मला इथे दिसतं: जिथे तिला राग यायला हवा होता, तिथे लेखक नजर वळवतो.

अजून एक जागा सांगते, ती सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही. धंदा बुडाल्यावर ॲग्नेस घरात शाळा काढते. मुलींना शिकवून पोट भरते. डेव्हिड परदेशातून परतल्यावर तिला या कष्टांबद्दल विचारतो, तर ती म्हणते, काम इतकं आनंदाचं आहे की त्याला कष्ट म्हणणं कृतघ्नपणा होईल. हा आदर्शाचा गाभा आहे. काम करायचं, पण काम केलं असं दिसू द्यायचं नाही. जॉर्ज ऑर्वेलने १९४० च्या निबंधात ॲग्नेसला व्हिक्टोरियन प्रेमकथांतली पाय नसलेली देवदूत म्हटलंय, आणि ते वाक्य मस्त आहे. पण तिला पाय आहेत. दिवसभर त्यांच्यावर उभी राहून ती राबते. झाकलेत फक्त.

त्याच कादंबरीत डेव्हिडची पहिली बायको डोरा आहे. तिच्याही कमरेला किल्ल्यांची टोपली येते, पण खेळणं म्हणून. आपण कारभारीण झालो या आनंदात ती घरभर किल्ल्या खुळखुळवत हिंडते आणि कुलूप मात्र कशालाच नसतं. स्वयंपाकाचं पुस्तक वाचून तिचं डोकं दुखतं, हिशेबाचे आकडे बेरजेला बसत नाहीत म्हणून रडू येतं, आणि शेवटी ते पुस्तक कुत्र्याला वर उभं राहायला उपयोगी पडतं. डेव्हिडचा मित्र ट्रॅडल्स जेवायला येतो त्या दिवशी मटण कच्चं, ऑयस्टर आणलेत पण ते उघडायला सुरी नाही. हे सगळं विनोदी आहे आणि लोभसही आहे. पण डोराला शिकवलं कुणी होतं? तिला दिवाणखान्यात शोभायला वाढवलं, मग एका रात्रीत कोठीघर सांभाळायला सांगितलं. डिकन्स तिला कथेतून मरणाच्या वाटेने बाजूला करतो आणि जागा ॲग्नेसला देतो.

तिसरी टोपली ‘ब्लीक हाउस’मध्ये. एस्थर समरसन नव्या घरात पाऊल टाकते त्याच संध्याकाळी मोलकरीण तिला दोन जुडगे आणून देते, चिठ्ठ्या लावलेले: मोठा घरातला, छोटा तळघराचा. एस्थर स्वतः गोष्ट सांगते, आणि सांगायला बसते तीच ‘मी काही हुशार नाही’ म्हणून. बाईला हे म्हणावं लागायचं. पण तिचं निवेदन वाचत गेलात तर कळेल की तिच्या नजरेतून काहीही सुटत नाही. त्या पहिल्याच रात्री शेकोटीजवळ बसलेली असताना तिला आपल्या जन्माबद्दल प्रश्न पडू लागतात: आपण कोणाची मुलगी, आपल्याला आश्रय देणारा हा माणूस आपला कोण? विचार वाढू लागतो तशी ती उठते, ‘एस्थर, कर्तव्य!’ असं स्वतःला बजावते आणि किल्ल्यांची टोपली अशी हलवते की घुंगरांसारखा आवाज येतो. प्रश्न तिथेच मिटला. पुढे वयाने कितीतरी मोठ्या पालकाने लग्नाबद्दल विचारलेलं असतं आणि तिचा जीव दुसऱ्यावर असतो, तेव्हाही ती रडते, किल्ल्या वाजवते, त्यांचा मुका घेते.

वर्गात मी या दोन जागा सलग वाचून दाखवते. पहिल्या वेळी मुलं हसतात, दुसऱ्या वेळी गप्प होतात. ॲग्नेसच्या किल्ल्या म्हणजे शोभा होती. एस्थर त्या वाजवून स्वतःच्या मनाला गप्प करते, आणि ती स्वतःच बोलत असल्यामुळे ते गप्प करणं आपल्याला ऐकू येतं. देवदूत बाहेरून रंगवलीय की तिलाच बोलायला दिलंय, यावर बाकी सगळं ठरतं. याच डिकन्सने १८५८ मध्ये दहा मुलांच्या आईला, कॅथरीनला, घराबाहेर काढलं, वर्तमानपत्रात निवेदन छापलं, आणि घराच्या किल्ल्या मेहुणीच्या, जॉर्जिनाच्या, हाती राहिल्या. लेखकाच्या चरित्रावरून कादंबरीचा निवाडा करू नये हे मान्य, पण हा तपशील माहीत असलेला बरा.

आता पैशाकडे येऊ. इझाबेला बीटनचा १८६१ चा गृहव्यवस्थेचा ग्रंथ उघडलात तर पहिल्याच वाक्यात घरच्या बाईची तुलना सेनापतीशी केलेली दिसेल. पुढे कुठल्या मिळकतीत किती नोकर परवडतात त्याची यादी आहे. वर्षाला १,००० पौंड असतील तर स्वयंपाकीण, दोन मोलकरणी, मुलं सांभाळणारी आणि एक पुरुष नोकर. ३०० पौंडांत वरकामाची एक आणि मुलांसाठी एक. १५० ते २०० पौंडांत पडेल ते काम करणारी एकच पोर. म्हणजे सोफ्यावर बसून भरतकाम करणारी बाई फार थोड्या घरांत असणार. बाकीच्या घरांत बाईसाहेब सकाळी बाह्या वर करून मोलकरणीच्या बरोबरीने कामाला लागत आणि पाहुणे यायच्या आत हात धुऊन दिवाणखान्यात बसत. १८५१ च्या शिरगणतीत इंग्लंडमधल्या कामकरी बायकांचा सगळ्यात मोठा व्यवसाय घरनोकरीचाच आहे. एकीला ‘लेडी’ दिसता यावं म्हणून दुसरी पहाटे उठून चुलीतली राख काढायची. त्या दुसरीला हा आदर्श लागूच नव्हता. तिने नाजूक होऊन भोवळ येऊन पडायचं ठरवलं असतं तर नोकरी गेली असती.

कायदाही बघायला हवा, नाहीतर या नायिकांच्या गोडव्याचं कोडं सुटत नाही. लग्न झालं की बाईची कायद्यापुरती वेगळी ओळख उरत नसे. तिची कमाई नवऱ्याची. विवाहित स्त्रीला स्वतःची कमाई ठेवायचा हक्क १८७० च्या कायद्याने मिळाला, मालमत्तेचा पुरता हक्क १८८२ च्या. १८५७ च्या घटस्फोटाच्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे होतं. बायकोला मात्र नवऱ्याच्या व्यभिचाराबरोबर क्रौर्य, परित्याग असं आणखी काही दाखवावं लागे. ज्या बाईच्या हातात पैसा नाही आणि कोर्टाची वाटही अरुंद, तिच्याजवळ उरतं काय? लाघव. रस्किन ज्याला राणीचं राज्य म्हणतो ते हेच.

म्हणून ‘जेन एअर’ (१८४७) वाचताना मी विद्यार्थ्यांना आकडे लिहून घ्यायला लावते. थॉर्नफील्डच्या वाड्यात गव्हर्नेस, म्हणजे घरी राहून मुलांना शिकवणारी बाई, म्हणून जेनला वर्षाला ३० पौंड, आधीच्या शाळेतल्या पगाराच्या दुप्पट. पुढे माडेइराच्या काकाकडून वारसाहक्काने २०,००० पौंड येतात. त्याचे ती चार वाटे करते, स्वतःकडे ५,००० ठेवते, आणि त्यानंतरच थॉर्नफील्डच्या मालकाकडे, तिच्या रॉचेस्टरकडे, परत जाते. तिचा स्वाभिमान आधीपासूनच आहे, पण शार्लट ब्राँटीला माहीत आहे की स्वाभिमानाला खाली टेकू लागतो. गव्हर्नेस ही तर या आदर्शाची सगळ्यात अडचणीची जागा: लेडीसारखं शिक्षण, नोकरासारखा पगार, जेवायला कुणाबरोबर बसायचं ते ठरत नाही. थॉर्नफील्डच्या छतावर उभी राहून जेन म्हणते की बायका शांत असतात असं लोक धरून चालतात, पण बायकांनाही पुरुषांसारखंच वाटतं. १८४८ च्या डिसेंबरात ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’त एलिझाबेथ रिग्बीने या पुस्तकावर सडकून टीका केली. टीका करणारीही बाईच, हे लक्षात ठेवा. आदर्शाची राखण फक्त पुरुष करत नव्हते.

आता जी नायिका मला सगळ्यात महत्त्वाची वाटते तिच्याकडे येते. जॉर्ज इलियटच्या ‘मिडलमार्च’मधली (१८७१-७२) रोझमंड व्हिन्सी. परिपूर्ण लेडी म्हणजे काय ते बघायचं तर हिला बघा. त्या भागातल्या नामांकित अशा मिसेस लेमनच्या शाळेतली ती सर्वोत्तम विद्यार्थिनी. त्या शाळेत सुसंस्कृत स्त्रीला लागणारं सगळं शिकवत, अगदी वरकड विषयांसकट, उदाहरणार्थ घोडागाडीत चढायचं कसं आणि उतरायचं कसं. हा तपशील इलियट जाता जाता टाकते आणि पुढे निघून जाते. रोझमंड उत्तम गाते, कधी आवाज चढवत नाही, कधी चुकीचा रंग नेसत नाही. इलियट म्हणते की ती स्वतःच्या स्वभावाचीही भूमिका करते, आणि इतकी छान करते की तो आपलाच स्वभाव आहे हे तिला कळत नाही.

तरुण डॉक्टर लिडगेट तिच्या प्रेमात पडतो, कारण त्याला घरी आल्यावर विसावा देणारी, प्रश्न न विचारणारी बाई हवी आहे. पॅटमोरच्या कवितेतली. आणि ती त्याला मिळते. हीच त्याची शिक्षा. लग्नानंतर फर्निचर, चांदीची भांडी, चांगला पत्ता, सगळं उधारीवर. कर्ज अंगाशी येतं तेव्हा लिडगेट तिच्यापुढे बसून परिस्थिती सांगतो. ती म्हणते, “मी काय करू शकते, टर्शियस?” इलियट इथे थांबून सांगते की हेच शब्द आवाज बदलला तर मदतीची तयारीही दाखवू शकतात, रोझमंडने मात्र त्यांत शक्य तेवढी अलिप्तता ओतली. नवरा बोलत राहतो, तिच्या चेहऱ्यावर रेषही हलत नाही.

ती कधी भांडत नाही. घर भाड्याने द्यायचं लिडगेट ठरवतो. ती गुपचूप लिलाववाल्याकडे जाऊन ते थांबवून येते. त्याच्या श्रीमंत काकांना त्याच्या नकळत पैशासाठी पत्र लिहिते. गरोदरपणात घोड्यावर बसू नकोस असं त्याने सांगितलेलं असताना जाते, घोडा बिथरतो, मूल जातं, आणि ती शांतपणे म्हणते की घरी बसले असते तरी हेच झालं असतं. बघा, यातला प्रत्येक प्रकार लेडीला शोभेल असाच आहे. ओरडणं नाही, वाद नाही, पैशाबद्दल उघड बोलणं नाही. जिला ‘नाही’ म्हणायची सोय ठेवलेली नाही ती ‘हो’ म्हणून आपल्याला हवं ते करते. लिडगेट संशोधन सोडून श्रीमंतांचा डॉक्टर होतो, संधिवातावर एक ग्रंथ लिहितो आणि पन्नाशीत मरतो. त्याने एकदा तिला आपलं तुळशीजातीचं रोप, बेझिल, म्हटलं. का, असं तिने विचारल्यावर म्हणाला, खून झालेल्या माणसाच्या मेंदूवर ते छान वाढतं.

रोझमंडला दुष्ट समजून वाचणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. तिने एक अभ्यासक्रम पूर्ण केला आणि पहिला नंबर काढला. दोष द्यायचा तर मिसेस लेमनच्या शाळेला द्या, आणि तशीच बायको हवी म्हणणाऱ्या लिडगेटलाही. इलियटने आदर्शाची टिंगल केली नाही. तिने तो शब्दशः खरा धरला आणि त्याचं पुढे काय होतं ते दाखवलं.

मेरी एलिझाबेथ ब्रॅडनने १८६२ मध्ये ‘लेडी ऑडलीज सीक्रेट’ या कादंबरीत हेच भडक रंगात केलं. लेडी ऑडली सोनेरी केसांची, निळ्या डोळ्यांची, लहान मुलीसारखी निरागस. गावातले सगळे तिच्यावर खूश. आणि या बाईने पहिला नवरा जिवंत असताना दुसरं लग्न केलंय, आणि पहिला परत आल्यावर त्याला विहिरीत ढकललंय. वाचकांच्या त्या पुस्तकावर उड्या पडल्या. धक्का खुनाचा नव्हता, खुनी बाई हुबेहूब देवदूतासारखी दिसते याचा होता. गव्हर्नेसची नोकरी करणाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या मुलीला गोड चेहऱ्याशिवाय भांडवल नव्हतं. तिने ते गुंतवलं. लेखिका तिला शेवटी बेल्जियममधल्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवते. तसं न करता पुस्तक खपलं नसतं.

हा खपण्याचा मुद्दा तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेला आहे. कादंबरी तीन खंडांत निघायची आणि संचाची किंमत साडेएकतीस शिलिंग, म्हणजे मध्यमवर्गालाही जड. लोक वर्गणी भरून वाचनालयातून आणत. सगळ्यात मोठं वाचनालय चार्ल्स एडवर्ड म्युडीचं, वर्षाला एक गिनी, म्हणजे एकवीस शिलिंग, वर्गणी. म्युडी एकगठ्ठा प्रती उचलायचा, त्यामुळे त्याने नाक मुरडलं की प्रकाशकाच्या पोटात गोळा. घरात बाप मोठ्याने वाचतोय आणि मुलगी ऐकतेय, तिच्या गालावर लाली येता कामा नये, हा निकष. डिकन्सने ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’मध्ये पॉडस्नॅप नावाच्या गृहस्थाच्या तोंडी हाच निकष घालून त्याची यथेच्छ चेष्टा केलीय, आणि स्वतः तो बऱ्यापैकी पाळलाही आहे.

हार्डीची ‘टेस’ १८९१ मध्ये ‘द ग्राफिक’ साप्ताहिकात आली तेव्हाचा किस्सा प्रसिद्ध आहे. पावसाने रस्त्यावर पाणी साचलंय आणि टेस जिच्यावर जीव लावते तो एंजल क्लेअर तिच्यासह चार गवळणींना एकेक करून उचलून पलीकडे नेतो. साप्ताहिकात हे चालेना. हार्डीने तिथे एक ढकलगाडी आणली आणि मुलींना त्यातून पलीकडे नेलं! पुस्तक निघालं तेव्हा ढकलगाडी गेली आणि हात परत आले. पुस्तकाच्या शीर्षकपानावर त्याने टेसला ‘शुद्ध स्त्री’ म्हटलं, आणि वाद पेटला तो या शब्दांवरून. तेव्हा नायिका फार सोवळी वाटली तर एकदा विचारा: ही लेखकाची निवड आहे की ढकलगाडी?

इथे आपल्याकडचं एक आठवतं, कारण वेळ जुळते. १८८२ साली पंडिता रमाबाईंचं ‘स्त्रीधर्मनीति’ निघालं, बायकांनी कसं वागावं हे सांगणारं. त्याच्या विक्रीच्या पैशाची मदत घेऊन त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या आणि पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात डोरोथिया बील यांच्याकडे राहिल्या. म्हणजे उपदेशाच्या पुस्तकाने उपदेश करणारीला घराबाहेर, समुद्रापलीकडे नेलं, एलिसबाईंसारखंच. आणि त्याच १८८२ मध्ये ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून पतिव्रतेच्या सगळ्या अटी पुरुषांच्या अंगावर परत फेकल्या. मी एकाचा उगम दुसऱ्यात शोधत नाही. मागणी आणि तिला उत्तर एकाच वर्षी बाजारात येऊ शकतात, एवढंच.

तर पूजा की खिल्ली? माझा अनुभव असा की मोठ्या लेखकांत दोन्ही एकाच पानावर असतात, आणि ओळखायची जागा म्हणजे राग. नायिकेला राग येतो का, आला तर तो जातो कुठे? ॲग्नेसचा राग लेखकानेच लपवला. एस्थरचा किल्ल्यांच्या आवाजात गेला. जेनने तो बोलून दाखवला, रोझमंडने त्यावर मऊ आवाज चढवला, लेडी ऑडलीने विहिरीकडे नेला. थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये तर पहिल्याच प्रकरणात बेकी शार्प शाळेतल्या मिस जेमायमाने हळूच दिलेली डॉक्टर जॉन्सनची डिक्शनरी घोडागाडीच्या खिडकीतून बाहेर भिरकावते. शेजारी बसलेल्या गोड अमिलियाची भीतीने गाळण उडते. लेखकाला दोघींपैकी कोण जास्त आवडते ते ठरवा, मग कादंबरीभर ते मत किती वेळा बदलतं ते बघा.

व्हर्जिनिया वुल्फने १९३१ च्या भाषणात सांगितलं की परीक्षण लिहायला बसलं की ही देवदूत मागून येऊन कानात कुजबुजायची, गोड बोल, स्वतःचं मत दाखवू नकोस. शेवटी शाईची दौत फेकून तिला मारावं लागलं. लोक हे वाक्य वाचतात आणि व्हिक्टोरियन नायिका म्हणजे निकालात काढलेला विषय समजतात. तसं करू नका, वुल्फनेही ‘मिडलमार्च’ची तोंडभरून स्तुती केलेली आहे.

पुढे काय वाचू, असंही तुम्ही शेवटी विचारलंय. मोठ्या आकाराची धास्ती वाटत असेल तर आधी ‘लेडी ऑडली’ घ्या, ती दोन-तीन रात्रींत संपते. मग ‘मिडलमार्च’, सगळी झेपली नाही तर निदान अठ्ठावन्नावं प्रकरण, कर्जाच्या बोलण्याचं. आणि त्यानंतर ‘कॉपरफील्ड’चं पंधरावं प्रकरण पुन्हा काढा. या वेळी डेव्हिडकडे आणि त्याच्या रंगीत काचेकडे लक्ष देऊ नका. डिकँटर कुणी ठेवला, किती वाजेपर्यंत तिथे होता आणि तेवढा वेळ ॲग्नेस काय काय करत होती, एवढंच बघा.